जिनाचं मागचं दार

अकोल्याच्या कार्यालयातून तो कागद आला त्या दिवशी डॉक्टर मंगरूळपीरला मीटिंगला गेले होते, म्हणून टपाल मीच फोडलं. मोठा दुष्काळ सरून दुसरं वर्ष चाललं होतं. मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाजाराच्या गावात बारा खाटांचा सरकारी दवाखाना होता, आणि तिथे मी एकटी नर्स होते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वेळची काही माणसं अजून तिथे आहेत, जी नाहीत त्यांची मुलं आहेत.

कागदावर चार रकाने आखलेले होते. आपल्या भागात कोणती संकटं येण्याचा संभव आहे, ती किती वेळा येऊ शकतात, आली तर एका वेळी किती रुग्ण दवाखान्यात येतील आणि त्यांच्यासाठी आपली तयारी काय आहे, हे भरून महिन्याच्या आत परत पाठवायचं होतं. डॉक्टरांनी संध्याकाळी तो उभ्याउभ्याच वाचला. पूर, आग, साथीचे रोग असं काहीतरी लिहून टाका, मी सही करतो, असं म्हणाले. ते तरुण होते. बायको आणि लहान मुलगी अमरावतीला होत्या, आणि पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला की ते जाणार हे गावालाही माहीत होतं. माणूस वाईट नव्हता. दर शनिवारी दुपारच्या बसनं अमरावतीला जायचे आणि सोमवारी सकाळी न चुकता खुर्चीत असायचे.

मी असं काहीतरी लिहून टाकलंही असतं. नाही टाकलं, त्याचं कारण कर्तव्याची जाण वगैरे नव्हतं. माझ्या संध्याकाळी रिकाम्या होत्या.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. रिठदला आमचं घर होतं, थोडी शेती होती. वडील गेल्यावर दोघा भावांची शिक्षणं माझ्या नोकरीवर झाली, मग त्यांची लग्नं झाली. दिवाळीला गेलं की वहिन्या मला पाट मांडून वाढायच्या, पाहुणीला वाढतात तसं. विळी हातात घेतली तर राहू द्या म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी मी रजा संपली असं सांगून निघायची. रजा शिल्लक असायची.

इकडे दवाखान्याच्या मागे मला एका खोलीचं क्वार्टर होतं. गावात मला सगळे ओळखत. निम्म्या गावाला मी टोचलेलं होतं, कित्येक पोरं माझ्या हातावर जन्मली होती. पण कुणाच्या ओट्यावर मी जरा टेकले तर शेजारी विचारायचे, घरात कोण आजारी आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं नाही. चार वर्षांत त्या गावात कुणी मला नावानं हाक मारली नव्हती. सिस्टर, नाहीतर बाई. पोस्टमन पाकिटावरचं नाव वाचायचा, तेवढंच.

दवाखान्यात एक म्हातारा शिपाई होता. दवाखाना कुडाच्या भिंतींचा होता तेव्हापासूनचा. मी त्याला कागद वाचून दाखवला. त्यानं तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, येणारी संकटं लिहायची की येऊन गेलेली? मी म्हटलं, येऊन गेलेली सांगा, त्यावरूनच येणारी कळतील. मग आठ-दहा दिवस, रुग्ण नसले की, तो व्हरांड्यात बसून सांगायचा आणि मी वहीत लिहायची.

रस्त्यावरच्या मोरीवरून, लहान पुलावरून, बस खाली गेली होती, तेव्हा माणसं बैलगाड्यांतून आणली; कपाटाची किल्ली कंपाउंडरच्या खिशात आणि कंपाउंडर बाजारात. पटकीच्या साली व्हरांडा भरून माणसं पडली होती आणि दवाखान्याच्या विहिरीला पाणी नव्हतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करता करता विष चढून एकाच घरचे तिघं भाऊ आले, त्या दिवशी पोट धुवायची नळी चिरलेली निघाली. तो सांगे त्यात संकट थोडं आणि दवाखानाच जास्त असे. चुका तो कुणाच्या म्हणून सांगत नसे. असं झालं, एवढंच म्हणे.

मी तिसऱ्या प्रहरी गावातून फिरू लागले. मोरीपासून दवाखान्यापर्यंत चालत किती वेळ लागतो ते पाहिलं. नाल्याला पाणी आलं की कोणती वस्ती पलीकडे अडकते ते विचारलं. टेलिफोन फक्त पोस्टात होता आणि पोस्ट पाचला बंद व्हायचं. पोस्टमास्तरांना विचारून त्यांच्या घराचा रस्ता लिहून ठेवला. लोकांना सिस्टर काय शोधत हिंडते याचं कोडं पडलं. कुणी म्हणालं, बदली करून घेण्यासाठी करते. कुणी म्हणालं, कुटुंबनियोजनाच्या केसेस शोधते, आणि बाया मला पाहून दारं ओढून घेऊ लागल्या. तरीही, कुठेतरी जायचं आहे आणि तिथे काही विचारायचं आहे, ही गोष्ट मला आवडू लागली होती.

डिसेंबरात मी जिनात गेले. गावाबाहेर कारंजा रस्त्याला एक कापसाचं जिन होतं, सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. पाऊस बरा झालेला, त्यामुळे आवारात सरकारी खरेदीच्या कापसाच्या गंज्या छपरापेक्षा उंच गेल्या होत्या. आत लांबलचक टिनाचं शेड, मशिनी एका रांगेत, आणि पन्नासेक बाया. काही मशिनीत कापूस टाकत होत्या, काही रुई उचलून पलीकडे नेत होत्या. हवेत इतकी रुई होती की बायांच्या भुवया पांढऱ्या दिसत होत्या. मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. एका मशीनजवळची बाई काम न थांबवता माझ्याकडे पाहत होती. माझ्याच वयाची असेल. मी परत फिरले तेव्हा तिनं विचारलं, "बाई, तुमी इथं काय शोधून राह्यल्या?"

"बाहीर जायाची वाट," मी म्हटलं. ती बोलली तशी मीही बोलून गेले. दवाखान्यात असताना मी शिकलेलं मराठी बोलायची. तिच्यासमोर ते गळून पडलं.

ती हसली, ते तर आम्हीही शोधतो म्हणाली, आणि मग हात झटकून मला शेडच्या मागच्या अंगाला घेऊन गेली. तिथे पत्र्याचं एक दार होतं, बंद. "या दाराले कुलूप रायते. चावी मुनीमापाशी. बाया लुगड्यात रुई नेतीन म्हून."

पुढच्या दाराशी दाबलेल्या रुईच्या गाठी रचलेल्या होत्या. गाठींच्या मधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता. पाणी विचारलं तर तिनं दोन मडकी दाखवली. आग लागते का, असं विचारल्यावर ती म्हणाली की लागते, कापसात खडा आला की मशीन ठिणगी टाकते. मग बाया पोतं मारून विझवतात.

जिनाचे शेठ गावातच राहत. वयस्कर जैन गृहस्थ, दिवस मावळायच्या आत जेवणारे, मोजकं बोलणारे. दवाखान्याच्या व्हरांड्यातले बाक त्यांनीच दिलेले होते. मी त्यांच्या पेढीत, गादीवर जाऊन भेटले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मी दोनच गोष्टी मागितल्या. मागच्या दाराचं कुलूप काढा, आणि शेडजवळ पाण्याचा हौद बांधा. ते म्हणाले की आग जिनात दरवर्षी लागते आणि दरवर्षी विझते. कापूस आता सरकारचा आहे, गेला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. मग विचार करू असं म्हणून ते उठले. त्या उठण्यावरून मला वाटलं की विचार तिथेच संपला.

मी तक्ता पूर्ण केला. पहिल्या ओळीत जिनाची आग लिहिली. दर हंगामात शक्य, रुग्ण चाळीसपर्यंत, तयारी काहीही नाही. त्याखाली मोरी, फवारणीचं विष, गॅस्ट्रो, नाल्याचं पाणी, साप. शेवटी भाजलेल्यांसाठी लागणाऱ्या सामानाची मागणी जोडली. डॉक्टरांनी या वेळी बसून वाचलं. चांगलं केलंय म्हणाले. मग पहिल्या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं. सरकारी कापूस आणि जिन यांचं नाव वर गेलं की चौकशी येईल, शेठ दुखावतील, आणि आपल्याला इथेच राहायचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी ती ओळ खोडली. ओळ गेल्यावर मागणीलाही आधार उरला नाही, म्हणून तीही खोडली.

मी नवा कागद घेऊन, ती ओळ सोडून, पुन्हा सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. भांडले नाही. त्यांच्यापेक्षा मलाच इथे जास्त दिवस राहायचं आहे, एवढं मनात येऊन गेलं, पण बोलले नाही. हे लिहायला मला आजही जड जातं. तक्ता अकोल्याला गेला आणि त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

पण ती खोडलेली ओळ डोक्यातून जाईना. मी शिपायाला सांगितलं की फाटक्या चादरी धोब्याकडे टाकायच्या नाहीत, मला द्यायच्या. त्यांच्या मी पट्ट्या आणि मोठे चौकोन कापले, धुऊन, ड्रममध्ये वाफवून ठेवले. गॉजला व्हॅसलीन लावून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलं. गॅस्ट्रोच्या दिवसांतल्या सलाइनच्या बाटल्या उरल्या होत्या, त्या वेगळ्या काढून कपाटात मागे ठेवल्या. कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली आणि ती शिपायाच्या करदोट्याला बांधली. शिपायानं विचारलं, हे कोणी करायला सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन दोन मोठे रांजण आणून व्हरांड्यात ठेवले आणि रोज भरू लागला.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी आग लागली. मी इंजेक्शनच्या खोलीत होते. आधी वास आला, कपडा जळाल्यासारखा. बाहेर आले तर कारंजा रस्त्याकडे काळा धूर सरळ वर गेलेला होता. डॉक्टर बॅग घेऊन बसथांब्यावर उभे होते. बस समोर येऊन थांबलेली असताना ते तसेच परत पळत आले. धापा टाकत त्यांनी मला एवढंच विचारलं, "आपल्याकडे काय आहे?" मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

मी चाळीस धरले होते. अकरा आले. पहिली माणसं जिनाच्याच ट्रकमधून आली, मग एकदोन बैलगाड्या. शिपाई रांजणातलं पाणी भांड्याभांड्यानं भाजल्या अंगावर ओतत होता आणि प्रत्येकाला, बस बाप्पा, झालं आता, असं म्हणत होता. डॉक्टर शिरा शोधत होते. मी कपडे कापत होते, चादरींचे चौकोन अंथरत होते. संध्याकाळपर्यंत कोणी कुणाशी नीट एक वाक्य बोललं नाही. मशीनवरचा फिटर सगळ्यात जास्त भाजला होता. तो मशीन बंद करायला आत परत गेला होता. त्याला आणि एका बाईला त्याच ट्रकमधून अकोल्याला पाठवलं. बाई वाचली. फिटर बार्शीटाकळीच्या पुढे गेला नाही.

जिनात मला मागचं दार दाखवणारी बाई सगळ्यांच्या शेवटी आली, चालत. दोन्ही तळहात पुढे धरलेले, जसे काही त्यावर ताट आहे. तिच्या हातांची कातडी निघाली होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं, तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना. आग पुढच्या गाठींना धरली होती. बाया मागे पळाल्या. मागच्या दाराला कुलूप नव्हतं, आतून नुसती कडी होती. ते उघडलं, पण बाहेरच्या वाऱ्यानं दार पुन्हा पुन्हा लागत होतं आणि आतल्या बाया ढकलाढकली करत होत्या. तेव्हा ही दाराला पाठ लावून उभी राहिली, आणि पाठीला पोळलं तेव्हा वळून दोन्ही हातांनी पत्रा धरून ठेवला. सगळ्या बाया निघेपर्यंत.

मी विचारलं, कुलूप कुठे गेलं? ती म्हणाली, "ते तं संक्रांतीच्या आधीच काढलं. शेठनं सोता येऊन काढलं. तुमाले माईत नाई?"

मला माहीत नव्हतं.

शेठ दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात आले. सगळ्या रुग्णांच्या खाटांजवळ थोडं थोडं उभे राहिले. मग व्हरांड्यात, त्यांनीच दिलेल्या बाकावर बसले. मी त्यांना कुलपाचं विचारलं. मी गादीवरून गेल्यावर ते एक दिवस जिन बंद असताना एकटे शेडमध्ये गेले होते, आणि मुनीमाला बाहेरून दोन्ही दारं बंद करायला सांगून काही वेळ आत उभे राहिले होते. एवढंच त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी कुलूप काढलं आणि त्याबद्दल कुणाकडे बोलले नाहीत; माल जाईल म्हणून धाकटा भाऊ भांडला असता. "बाई, दार मी उघडलं. हौद बांधायचा राहिला," असं म्हणाले आणि डोळे पुसले. फिटरच्या घरी ते नंतर दर आठवड्याला जात, हे मी ऐकलं. हौदही त्या उन्हाळ्यात झाला.

डॉक्टर माझ्याशी त्या ओळीबद्दल एकदाच बोलले. ती खोडायला नको होती, असं म्हणाले. मी म्हटलं, मीही ती सोडून लिहून दिलंच ना. जूनमध्ये त्यांना प्रवेश मिळाला आणि ते गेले.

दवाखान्यात उरलेल्या नऊ रुग्णांपैकी बहुतेक महिन्याभरात घरी गेले. दार धरून ठेवणारी ती राहिली, कारण तिचे हात लवकर भरेनात. नवरा दोन वर्षांपूर्वी चांदा जिल्ह्यात कोळशाच्या खाणीवर गेला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. ती गावात भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. भाऊ कामरगावला होता. तो एकदा येऊन गेला, पण हंगामाचे दिवस, त्याला थांबता येईना. तिला हातानं खाता येत नव्हतं. सकाळी दवाखान्याचं जेवण शिपाई द्यायचा, पण संध्याकाळी मी माझ्या खोलीतून भाकरी-भाजी नेऊन तिला भरवायची. पहिले काही दिवस तिला लाज वाटली. मग ती तोंड उघडून वाट पाहू लागली, आणि उशीर झाला तर मला बोलू लागली.

त्या दोन महिन्यांत मी किती बोलले याची मलाच कमाल वाटते. रिठदची शाळा, वडिलांचं आजारपण, नर्सिंग शिकायला गेले तेव्हा अकोल्याला पहिल्या दिवशी मी कशी रडले, सगळं. ती खाटेवर मांडी घालून ऐकायची, दोन्ही हात उशीवर ठेवून. एकदा तिनं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, हे बाईंना शोभत नाही, हे एखाद्या बारक्या पोरीचं नाव आहे. त्यानंतरही ती मला बाईच म्हणायची, पण कधीमधी कुणी नसताना नावानं हाक मारायची. मी वळून पाहायची.

जखमा भरत आल्या तशी बोटं आखडू लागली. मी तिला कणीक मळायला दिली, मग तुरीच्या शेंगा सोलायला. आधी ती शेंग दोन्ही तळहातांत दाबून फोडायची, पुढे बोटांनी जमू लागलं. माझ्या खोलीसमोर पिंपळाच्या सावलीत आम्ही दोघी बसून शेंगा सोलायचो. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबायच्या, तिची चौकशी करायच्या आणि माझ्याशीही दोन शब्द बोलायच्या.

एप्रिलच्या मध्यावर डॉक्टर राऊंडला आले. तिचे हात पाहून म्हणाले, आता घरी जाऊ शकेल. मी म्हटलं, डावा हात अजून ओला आहे. डॉक्टर बरं म्हणून पुढे गेले.

डावा हात कोरडा होता. तीन दिवसांपासून कोरडा होता.

तेव्हा मी ते का बोलले, याचा मी त्या क्षणी विचार केला नाही. दुपारी विचार केला. बारा खाटांच्या दवाखान्यात एक खाट मी अडवून ठेवली होती, आणि एका माणसाला तिच्या घरापासून. मी नर्स होते. मला लाज वाटली. तरी मी डॉक्टरांकडे जाऊन चूक दुरुस्त केली नाही. एक आठवडा तसाच गेला. रोज सकाळी मी तिच्या बऱ्या झालेल्या हाताला पट्टी बांधायची आणि तिच्याकडे पाहायची नाही.

आठव्या दिवशी पट्टी बांधताना ती हळूच म्हणाली, "बाई, हात बरा हाय, हे मले बी माईत हाय."

माझे हात थांबले. "मंग काहून नाई बोलली?"

"तुमी नाई बोलल्या म्हून."

मग मी पट्टी सोडली, गुंडाळली आणि ट्रेमध्ये ठेवली. ती म्हणाली की सोमवारी बाजाराला भाऊ येईल, त्याच्यासोबत जाईन. तोपर्यंत चार दिवस आहेत. ते चार दिवस ती माझ्या खोलीत राहिली, खाट मोकळी करून. तिनं मला स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. भाकऱ्या वाकड्यातिकड्या व्हायच्या, कारण थापताना तळहात पूर्ण उघडत नव्हता. सोमवारी भावाच्या बैलगाडीत बसून गेली. निघताना रडली नाही. मीही रडले नाही. संध्याकाळी मी सवयीनं दोघींची कणीक भिजवली.

तिला लिहिता येत नव्हतं, आणि मी पत्र लिहिलं असतं तर ते भावाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. अशी पत्रं लिहिता येत नाहीत. दसरा झाल्यावर एका रविवारी मी कामरगावला गेले. जाताना सांगायला मी एक कारण तयार ठेवलं होतं, हाताची तपासणी. ते उपयोगी पडलं. भावजयीनं चटई टाकली, शेजारच्या बाया दारात जमल्या. सरकारी बाई आली आहे म्हणून सगळं घर जरा ताठ बसलं. तिनं चहा आणला, कप दोन्ही तळव्यांत धरून. मी हात तपासले. उजव्या हाताची दोन बोटं वाकलेलीच राहिली होती. ती म्हणाली, विळा धरता येतो, निंदण होतं, काही अडत नाही.

दवाखान्यात आम्हाला वेळ पुरायचा नाही. इथे काय बोलावं ते सुचेना. पाऊस किती झाला ते तिनं सांगितलं, नवीन डॉक्टर आले ते मी सांगितलं. मग बसची वेळ झाली, आणि ती मला थांब्यापर्यंत सोडायला निघाली. रस्त्यात एकट्या असताना तिनं सांगितलं की नवऱ्याचा निरोप आला आहे. तिकडे खाणीवर त्याला खोली मिळाली आहे, दिवाळीनंतर घ्यायला येणार आहे.

"जाशीन?" मी विचारलं.

"जाईन. भावाकडं किती दिवस राहू?" मग जरा चालल्यावर ती म्हणाली, "तुमी बी असं एकलं नका राहू. बदली मागा. जिथं चार बाया असतीन, अशा दवाखान्यात."

मी हो म्हटलं. बस आली तेव्हा तिनं मला माझ्या नावानं हाक मारली आणि सांभाळून जा म्हणाली. आजूबाजूला माणसं होती, त्यांना ती कुणाला हाक मारते ते कळलं नसेल. त्यानंतर ती मला भेटली नाही. चांद्याकडची माणसं कधी दवाखान्यात आली तर मी विचारायची, पण खाणी पुष्कळ आणि माणसं त्याहून जास्त.

बदलीचा अर्ज मी त्या आठवड्यात लिहिला. वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात जागा मिळायला पुढे दोन वर्षं गेली. त्या रविवारी मात्र बसमधून उतरून मी दवाखान्याकडे आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. व्हरांड्यात तीन माणसं होती आणि तापलेलं पोर घेऊन एक बाई बसली होती. ती म्हणाली, सिस्टर, दुपारपासून बसलो. मी पिशवी खोलीत ठेवली, प्रवासाची साडी न बदलताच हात धुतले आणि सिरिंजा उकळायला ठेवल्या.